सासूबाईंना ऊन लागत नाही

१

चादर जळल्याचा वास आला, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

धुलाईखान्यात धाकटीच्या हातून चादर जळावी, ही गोष्टच होण्यातली नव्हती. रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे अशा डोंगराएवढ्या कपड्यांवर इस्त्री फिरवण्यात तिची अर्धी हयात गेली होती, आणि तिच्या टेबलावरून डागाची चादर कधी खाली उतरली नव्हती. त्यामुळे वास आला तेव्हा शेजारणी आधी आपापलंच टेबल तपासत बसल्या. मग कोणीतरी मागे वळून पाहिलं. इस्त्री चादरीवर तशीच टेकलेली होती, धूर निघत होता, आणि धाकटी टेबलाखाली पडली होती. हातातून निसटलेलं बटण शोधायला वाकावं तशी.

डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. अंग मात्र तव्यासारखं तापलेलंच होतं.

"हृदय कमजोर असेल," मॅनेजर म्हणाला.

"आईचं?" तिची मुलगी म्हणाली. "कमजोर हृदयाचं माणूस तुमच्याकडे इतकी वर्षं टिकलं असतं का?"

आता इथे थोडं कायद्याचं सांगायला हवं. गेली काही वर्षं उन्हाळा असा काही पडायला लागला होता की म्हाताऱ्या माणसांनाही तो ओळखू येईना. म्हणून सरकारने उष्मा कायदा आणला. जिथे आग, वाफ, भट्टी यांच्याशी काम असेल, तिथल्या उघड्या पटांगणात एक पांढरी पेटी बसवायची. आत उष्णतामापक, बाहेर मोठी तबकडी, तबकडीवर लाल रेघ. काट्याने लाल रेघ ओलांडली की भोंगा आपोआप वाजणार, भोंगा वाजला की काम बंद आणि पगार चालू. पेटीला कोणी हात लावू नये म्हणून तिला सरकारी तपासनिसाचं सील. पण भोंगा न वाजता कोणी काम सोडलं, तर ती गैरहजेरी.

कायद्यात खोट नव्हती. फक्त या धुलाईखान्यात तो भोंगा उभ्या उन्हाळ्यात आपणहून एकदाही वाजला नव्हता.

बायकांनी पेटीचं नाव ठेवलं होतं 'सासूबाई'. दिवसभर पटांगणात उभं राहून सगळ्यांवर डोळा ठेवायचा, आणि "पोरींनो, फार तापलंय, जरा टेका" एवढं काही तोंडातून निघायचं नाही. सासूबाईंना ऊन कसं ते लागतच नाही, असं म्हणून त्या हसायच्या आणि परत इस्त्रीला लागायच्या.

धाकटी गेली त्या दुपारीही काटा लाल रेघेच्या चांगला खाली होता. सगळ्यांनी पाहिला होता. धाकटीनेही.

मुलीने पर्यावरण लवादाकडे अर्ज केला. लवादाने पाहणीसाठी कमिशनर म्हणून एका वकीलबाईंना नेमलं. या वकीलबाई म्हणजे पन्नाशीच्या, जिना दिसला की गुडघ्यांशी बोलणाऱ्या, आणि डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या. अहवाल द्यायला त्यांच्या हातात दोनच दिवस होते. पेटी बरोबर ठरली तर अर्ज निकालात निघणार, आणि सोमवारपासून आईच्या जागी, त्याच टेबलापाशी, त्याच उन्हात मुलगी उभी राहणार. मॅनेजरने तसं कबूल करून घेतलं होतं. वर उपकार केल्यासारखं.

वकीलबाईंनी प्रयोगशाळेचा निकाल उघडला. सील अखंड. पेटी कोणी उघडलेली नाही. मापक अगदी अचूक.

"म्हणजे सासूबाई खोटं बोलल्या नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मग कोण बोललं? ऊन?"

२

धुलाईखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकताच एका ओल्या अभ्र्याने वकीलबाईंच्या थोबाडीत मारली.

"अरेरे! माफ करा हं, माफ करा," म्हणत एक गृहस्थ धावत आले आणि त्यांनी तो अभ्रा बाजूला धरला. फाटकालगतच दोरी होती आणि तिच्यावर रांगेने अभ्रे फडफडत होते. गृहस्थांचा शर्ट कडक, आवाज मऊ. हे कंपनीचे सुरक्षासाहेब. बायकांना उष्मा कायदा समजावून सांगितला तो यांनीच. दुपारी मीठ-साखरेचं पाणी फिरवायचे तेही हेच. "तुम्ही येणार म्हणून पटांगण आवरून ठेवलंय. म्हटलं, कुठे अडखळायला नको."

"अडखळले नाही हो. मारच खाल्ला," वकीलबाई गाल पुसत म्हणाल्या.

फाटकावर काळा फळा होता. 'या उन्हाळ्यात उष्म्यामुळे कामबंद : ०'. अक्षरं रंगवलेली, शून्य खडूचं. फळ्याशेजारी चकचकीत चौकटीत एक पारितोषिक. कपडे वाळवायची यंत्रं बंद करून सगळं काही सूर्यप्रकाशात वाळवल्याबद्दल, म्हणजे वीज वाचवून पर्यावरण राखल्याबद्दल.

"ही कल्पना कोणाची?"

"माझीच," सुरक्षासाहेब लाजले. "हवामान बदलतंय, तर आपणही बदलायला हवं."

पटांगण खरंच मोकळं होतं. मध्यावर पांढरी पेटी, झडपांच्या खिडकीसारख्या तिरक्या पट्ट्यांची, हवा आत खेळावी म्हणून. वकीलबाई तिच्याभोवती फिरल्या. तीन बाजू स्वच्छ होत्या. पश्चिमेच्या बाजूला मात्र बारीक बारीक निळे ठिपके. त्यांनी बोट फिरवलं. निघाले नाहीत.

"पाखरं बसतात," सुरक्षासाहेब म्हणाले.

"निळी घाण करणारं पाखरू मी पाहिलं नाही अजून. बघायला आवडेल."

त्याच बाजूला, पेटीपासून दोन पावलांवर, लोखंडी खांबांची रांग होती. खांब गंजून तांबडे झालेले, पण वरचे आकडे चांदीसारखे लखलखत होते.

"इथे दोऱ्या असतात?"

"पूर्वी असायच्या. आता वापर नाही."

वकीलबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, आकड्यांकडे पाहिलं, आणि त्या तबकडीकडे वळल्या. सकाळची वेळ. "ऊन व्हायच्या आत या, तुम्हाला त्रास नको," असा सुरक्षासाहेबांचाच निरोप होता. तरीही काटा लाल रेघेच्या दारात येऊन उभा होता.

"सकाळी एवढं," त्या म्हणाल्या, "तर दुपारी काय होईल?"

"दुपारी वारा सुटतो ना," सुरक्षासाहेब मऊ आवाजात म्हणाले. "चला, मॅनेजरांच्या खोलीत गारवा आहे."

३

मॅनेजरच्या टेबलाखाली पाण्याने भरलेली बादली होती. वकीलबाईंची नजर तिच्यावर गेलेली पाहून त्याने ती पायाने आत सरकवली.

"तुमचं बरं, तुम्ही कळवून आलात," तो म्हणाला. "तो सरकारी तपासनीस म्हणजे धूमकेतू! मेला नेमका मी पाय बादलीत घालून बसलेला असताना उगवतो. दर वेळी ओल्या पायांनी उभं राहून त्याला नमस्कार करायचा. अब्रूचे धिंडवडे."

"कपडे कुठे वाळत घालायचे, हे कोण ठरवतं?"

"सही माझी असते."

"आणि डोकं?"

"बाई, समोर कागद आला की सही करायची. डोकं घातलं तर कारखाना चालायचा कसा?"

"दुपारचा वारा इथे कुठून येतो?"

"वारा?" मॅनेजरने वर बोट केलं. "पंख्यातून."

बॉयलरवाला भेटला तो बॉयलरच्या दारातच. भोंग्याची तार त्याच्या खोलीतून जात होती, आणि धाकटी गेली त्या दुपारी त्याचं तिच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं. हे वकीलबाईंना दोन जणींनी वेगवेगळं, पण सारख्याच दबल्या आवाजात सांगितलं होतं.

"तार मी रोज सकाळी तपासतो," तो म्हणाला. "बटण दाबलं की भोंगा किंचाळतो. विचारा कोणालाही."

"विचारलं. खरं आहे. आता भांडणाचं सांगा."

त्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"जेवणाच्या सुट्टीत तिचा चेहरा लालबुंद झाला होता. म्हटलं, घरी जा. तर म्हणाली, भोंगा नाही वाजला, गेले तर गैरहजेरी लागेल. म्हटलं, अगं, पण तुझ्या अंगाला काय वाटतंय? तर पटांगणात जाऊन काटा बघून आली. म्हणाली, सासूबाई म्हणतात अजून चालेल. मला राग आला. मी म्हटलं, मग मर इथेच." त्याने बॉयलरच्या दाराकडे पाहिलं. "बोलायची पद्धत असते हो एकेकाची."

"असते," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "तिलाही ती माहीत असणार. इतकी वर्षं ऐकत होती ना तुमचं."

त्यांनी त्याचा फोन नंबर घेतला आणि दुपार चढता चढता सरकारी कचेरी गाठली.

तपासनीस गोड माणूस होता. खुर्ची पुढे केली, स्वतः पाणी दिलं. पेटी रोजचं तापमान त्याच्या यंत्रावर पाठवायची, त्यामुळे त्याला सगळं घरबसल्या कळायचं.

"पण या धुलाईखान्याचं माझ्याशी काय वैर आहे कळत नाही," तो हसत म्हणाला. "एरवी काटा कसा शहाण्यासारखा खाली असतो. मी सकाळी तपासणीला गेलो की त्या दिवशी नेमका वर, अगदी रेघेला टेकायला आलेला! बायको म्हणते, तुमचा पायगुणच तसा."

"तपासणी न सांगता करायची असते ना?"

"न सांगताच करतो! मॅनेजरला तर वाससुद्धा लागू देत नाही. फक्त निघताना सुरक्षासाहेबांना एक फोन टाकतो. नाहीतर फाटकावर उन्हात ताटकळायचं कोणी?"

"खरंच. तुम्हालाही ऊन लागत असेल," वकीलबाई म्हणाल्या, आणि उठून खिडकीशी गेल्या. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चिकट दिसत होतं. त्यांनी बॉयलरवाल्याला फोन लावला.

"जरा बाहेर डोकावता? काटा कुठे आहे?"

पलीकडे पावलं वाजली, मग दार, मग परत पावलं.

"नेहमीसारखा, खाली," तो म्हणाला. "सकाळपेक्षा बराच खाली आहे की हो!"

दुपार चढली होती, आणि काटा उतरला होता.

४

थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. दोघी एकाच धुलाईखान्यात. धाकटी आत इस्त्रीवर, थोरली बाहेर दोऱ्यांवर. दोघींचेही नवरे लवकर गेलेले, त्यामुळे घर दोघींनीच ओढलं होतं. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, आणि दोघींच्यात मिळून एक मुलगी.

संध्याकाळी वकीलबाई तिथे पोहोचल्या तेव्हा मुलगी आईचा कामावरचा एप्रन उसवून आपल्या मापाचा करत बसली होती.

"शिवून ठेवते," ती वर न बघता म्हणाली. "तुमचा अहवाल काय यायचा तो येईल. सोमवार काही थांबत नाही."

"कार्टे, नीट बोल. पाहुण्या आहेत," थोरली म्हणाली.

"नीटच बोलतेय, मोठीआई. तुम्ही दोघी जन्मभर नीट बोललात. काय झालं?"

"बोलू दे तिला," वकीलबाई म्हणाल्या आणि पदरी पडलेल्या मोडक्या खुर्चीत बसल्या. भट्टीत बसल्यासारखं वाटलं. घाम कानामागून ओघळत होता.

थोरलीने ते पाहिलं. ती मोरीत गेली, एक जुनी चादर पाण्यातून पिळून आणली, आणि पश्चिमेच्या खिडकीवर पसरून तिची टोकं खिळ्यांना अडकवली.

"जरा बसा. आत्ता वारा येईल."

वारा आला. चादर फुगली, आणि एक गार झुळूक वकीलबाईंच्या मानेवरून फिरली. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग त्या एकदम ताठ बसल्या.

"हे कुठे शिकलात?"

"धाकटीकडून. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, चादर फुकट भिजवली. नंतर त्याच तिथे जाऊन बसायच्या." थोरली हसली, आणि तिने डोळे पुसले. बोटांची टोकं निळी होती.

"ही नीळ?"

"रुग्णालयाला पांढरंशुभ्र लागतं ना. शेवटच्या पाण्यात नीळ घालतो. हात काही सुटत नाही त्यातून."

"चादरी वाऱ्यावर फडफडल्या की थेंब उडत असतील."

"उडणारच. माझ्या तोंडावरसुद्धा उडतात."

"आणि सासूबाईंवर? पेटीवर?"

"तिच्यावर तर जास्तच. दोऱ्या तिला लागूनच आहेत ना, पश्चिमेच्या अंगाला. आधी आम्ही मागच्या बाजूला घालायचो. उन्हाळा लागला आणि मॅनेजरांच्या सहीचा हुकूम आला, मागे धूळ बसते, पेटीपाशी घाला. दुपारभर एक वाळली की दुसरी ओली, दोरी रिकामी राहू द्यायची नाही."

"मी सकाळी आले तेव्हा तिथे एकही दोरी नव्हती."

"तुम्ही येणार म्हणून काढायला लावली. तुम्ही गेलात, परत बांधली. तपासनीस येतो तेव्हाही तसंच. फाटकावरचा माणूस धावत येतो, ऑफिसातून निरोप आहे म्हणतो, पेटीपाशी ओलं काही दिसता कामा नये."

"आणि फाटकापाशी ते अभ्रे?"

"त्यांचं काही म्हणत नाहीत."

मुलीच्या हातातली सुई थांबली. खिडकीतली चादर फुगत होती, बसत होती. थोरलीने त्या चादरीकडे पाहिलं, मग वकीलबाईंकडे, मग आपल्या निळ्या बोटांकडे. तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे ती काटा बघायला आली तेव्हा..." ती म्हणाली. "मी तिथेच होते. मीच घालत होते. बाई, माझ्याच हाताने..."

"नाही," वकीलबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, त्यांच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. "तुमच्या हातांनी कपडे वाळत घातले. ते कुठे घालायचे, हे ज्याने ठरवलं, त्याचे हात मला हवेत."

"मॅनेजर," मुलगी दातओठ खात म्हणाली. "सही त्याची आहे."

"सही त्याची आहे. पण उद्या दुपारी मी न कळवता येणार आहे. मला बघून सगळ्यांत आधी जो 'काढा' म्हणेल, तो."

५

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी तपासनिसाला त्याच्या घरूनच उचललं.

"फोन खिशात राहू द्या," त्या गाडीत म्हणाल्या. "आज आपण दोघंही फाटकावर ताटकळू."

फाटक उघडायला वेळ लागलाच. तेवढ्यात आतून ओरडा ऐकू आला. मऊ आवाज एवढा मोठा होऊ शकतो, हे बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"काढा! चादरी काढा! अगं, बघत काय बसलात? दोऱ्या सोडा आधी!"

वकीलबाई पटांगणात पोहोचल्या तेव्हा सुरक्षासाहेब स्वतः एका चादरीशी झोंबत होते, आणि चादरीचं दुसरं टोक थोरलीच्या मुठीत होतं. तिच्यामागे दोऱ्यांवरच्या साऱ्या बायका एकेका खांबाला धरून उभ्या होत्या. इस्त्रीच्या दालनातल्याही दारात जमल्या होत्या. पेटीच्या पश्चिमेला ओल्या चादरींच्या भिंतीच उभ्या होत्या, एकीमागे एक.

"सोडा ती चादर," सुरक्षासाहेब म्हणाले.

"ओली आहे अजून," थोरली म्हणाली. "वाळली की काढीन."

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. माझी जाऊ गेली, तेव्हा तुमचं काय गेलं?"

आरडाओरडा ऐकून मॅनेजर बाहेर आला. ओल्या पायांनी. पावलांचे ठसे त्याच्यामागे सिमेंटवर उमटत होते आणि उमटता उमटता वाळत होते.

वकीलबाईंनी एक स्टूल मागवलं, पेटीशेजारी ठेवलं आणि त्यावर बसल्या.

"आधी काटा बघा," त्या तपासनिसाला म्हणाल्या. "कुठे आहे?"

"खाली. बराच खाली."

"तुमच्या पिशवीतला मापक त्या मोकळ्या कोपऱ्यात लावा, सरकारी छत्रीच्या सावलीत. सावकाश होऊ दे."

तपासनिसाने लावला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "तिथे रेघेच्या वर आहे. चांगलाच वर."

"एकच पटांगण, एकच सूर्य, आणि ऊन दोन प्रकारचं," वकीलबाई म्हणाल्या. "ही पेटी कोणी उघडली नाही, मोडली नाही. कोणीतरी फक्त तिला गार वाऱ्यात उभं केलं. पश्चिमेचा वारा ओल्या चादरींतून गाळून तिच्या पट्ट्यांत सोडला. हिच्या अंगावरचे निळे ठिपके म्हणजे त्या चादरींची नीळ. खांब गंजले, पण आकडे चकचकीत आहेत, कारण रोज दोरी घासते. तपासनीस आले की दोऱ्या निघायच्या, म्हणून ऊन नेमकं त्यांच्याच दिवशी वाढायचं. तुमच्या बायकोला सांगा, पायगुणाला दोष देऊ नका."

"मॅनेजरांच्या सहीचा हुकूम आहे तो," सुरक्षासाहेब म्हणाले. आवाज पुन्हा मऊ झाला होता. "आणि पाहुणे येणार म्हटल्यावर आवराआवर कोण करत नाही?"

"आवराआवरच करायची होती, तर फाटकावरचे अभ्रे आधी निघाले असते. ते तर येणाऱ्याच्या तोंडावर बसतात. माझ्या बसले. पण ते कोणी कधी काढले नाहीत. निघायचं ते फक्त पेटीजवळचं. म्हणजे काढणाऱ्याला पटांगण आवरायचं नव्हतं, तो गार वारा लपवायचा होता. आता मॅनेजर. त्यांना वारा पंख्यातून येतो एवढंच ठाऊक आहे. आणि तपासनीस येणार हे त्यांना कधीच कळत नसे, नाहीतर दर वेळी पाय बादलीत सापडले नसते. बॉयलरवाल्यांनाही कोणी फोन करत नाही. तपासणीची खबर या आवारात एकाच माणसाला आधी मिळायची. उन्हात वाळवायची कल्पनाही त्याचीच. पारितोषिकही त्यालाच. आणि काल मला 'इथे आता दोऱ्यांचा वापर नाही' असं सांगितलं तेही त्यानेच."

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. सुरक्षासाहेबांनी कडक शर्टाची कॉलर सैल केली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण मी सील तोडलं नाही. कुठल्या कलमात लिहिलंय की पेटीजवळ कपडे वाळत घालू नयेत? दाखवा."

"तेवढं एक कलम लिहायचं राहून गेलंय," वकीलबाई म्हणाल्या. "कायदा म्हणतो, पटांगणाचं ऊन मोजा. तुम्ही चादरींचं मोजलंत. कायदा तुम्ही यांना शिकवलात, आणि त्यातून पळवाट कशी काढायची ते स्वतःपाशी ठेवलंत."

"काम थांबलं असतं तर शस्त्रक्रिया थांबल्या असत्या! रुग्णालयाला चादरी लागतात!"

"लागतात ना," थोरली म्हणाली. "तिलाही लागली एक. अंगावरून घालायला. ती मीच धुतली होती."

मॅनेजरने घसा साफ केला. "पाहिलंत ना, बाई? माझा यात काही संबंध नाही. मला काही माहीतच नव्हतं."

वकीलबाईंनी त्याच्या ओल्या पायांकडे पाहिलं.

"तुमच्या पायांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "अहवालात तुम्ही दोघंही आहात. न कळवता यायचं सोडून फोन करून येणारे हे तिसरे." तपासनीस बुटांकडे बघू लागला. मग त्या थोरलीकडे वळल्या. "आता तुमच्या हातांनी काढा. माझ्या समोर."

६

थोरलीने पहिली चादर काढली. मग दुसरी. कोणी घाई केली नाही. बायका एकेक दोरी मोकळी करत गेल्या आणि चादरी खांद्यावर टाकून मागे सरल्या. पेटीच्या पश्चिमेला आता नुसता वारा होता, कोरडा, तोंडावर विस्तव फुंकल्यासारखा.

काटा हलला.

"चढतोय," कोणीतरी पुटपुटलं.

बॉयलरवाला दारातून बाहेर आला होता. मुलगीही आली होती. फाटकाशी उभी राहून, काखेत एप्रनची घडी धरून, ती तबकडीकडे टक लावून पाहत होती. वकीलबाईंना वाटलं, अशाच एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, हिची आई इथेच उभी राहून असंच पाहत असेल. अंग सांगत होतं एक, आणि तबकडी सांगत होती दुसरं, आणि तिने तबकडीवर विश्वास ठेवला. सरकारने ठेव म्हटलं होतं.

काटा लाल रेघेला टेकला. क्षणभर थांबला. आणि ओलांडून गेला.

भोंगा वाजला.

सकाळच्या तपासणीत तो क्षणभर किंचाळायचा, पण असा न थांबता त्या आवारात कधी वाजला नव्हता. पत्रे थरथरले. मॅनेजरने कानांवर हात ठेवले. इस्त्रीच्या दालनात एकेक इस्त्री उभी करून ठेवल्याचा खट खट आवाज झाला, आणि बायका बाहेर सावलीत आल्या. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, काही जणी दोन्ही.

"सासूबाई ओरडल्या गं!" कोणीतरी म्हणालं.

"किती वेळ थांबायचं हे?" मॅनेजरने ओरडून विचारलं.

"त्या गप्प होईपर्यंत," वकीलबाई त्याच पट्टीत ओरडल्या.

मुलगी फळ्यापाशी गेली होती. तिने एप्रनच्या टोकाने शून्य पुसलं, चांगलं खसखसून, आणि फळ्याच्या कडेवरचा खडू उचलून त्या जागी ठसठशीत 'एक' लिहिला. मग एप्रन तिथेच फाटकाच्या खिळ्याला टांगला.

थोरली तिच्यामागे येऊन उभी राहिली. खांद्यावरच्या ओल्या चादरीतून पाणी ठिबकत होतं.

"पूस," ती म्हणाली.

"का, मोठीआई? वाजला ना?"

"एक नाही. दोन लिही. तिचा दिवसही धरायचा."

मुलीने वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई चष्मा शोधत होत्या. तो डोळ्यांवरच होता आणि त्यातून त्यांना काही दिसत नव्हतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "गडद लिही. अहवालातही पहिलं वाक्य तेच आहे."